एलिझाबेथची पिल्लं

एवाल्ड श्टेपांस्कीने कुबडीच्या टोकाने स्वयंपाकघराच्या फरशीवर तीनदा ठोकलं. खाली तळघरात चाललेलं हसणं थांबलं.

"आले रे, आले," त्याच्या बायकोचा, रोझवीटाचा, आवाज जिन्यातून वर आला. मग उडो क्लाप्रोट काहीतरी पुटपुटला आणि हसणं पुन्हा सुरू झालं, आता जरा दबकं.

एवाल्डने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादोन. दोघं खाली गेल्याला चाळीस मिनिटं झाली होती. मूठभर पिल्लं बघायला चाळीस मिनिटं लागत नाहीत. तळघर त्याचं, टाक्या त्याच्या, मासे त्याचे. आणि तो वर, दोन उशा टाकून उंच केलेल्या खुर्चीवर, पाहुण्यासारखा ताटकळत. खुब्याचा सांधा बदलून पाच दिवसांपूर्वी तो घरी आला होता आणि सहा आठवडे तळघराचा जिना उतरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो जिना किती उभा आहे आणि कठडा कसा एकाच बाजूला आहे, हे डॉक्टरांना रोझवीटानेच सांगितलं होतं. तेव्हा एवाल्डला ती काळजी वाटली होती. आता तसं वाटत नव्हतं.

खाली मागच्या खोलीत, शेवटच्या टाकीत, एलिझाबेथी जातीचे बुटके सिक्लिड मासे होते. दोन वर्षांपूर्वी ब्राझीलहून आलेल्या एकाच खोक्यातली एक जोडी त्याने घेतली होती आणि एक उडोने. नर करंगळीपेक्षा थोडा मोठा, मादी त्याच्या निम्मी. ही जात घरच्या टाकीत अंडी घालते आणि पिल्लं व्हायच्या आत स्वतःच खाऊन टाकते, अशी तिची ख्याती. दोन वर्षं दोघांची चढाओढ चालली होती. उडो निवृत्त औषधविक्रेता, पाणी थेंबाथेंबाने मोजणारा. एवाल्ड कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षं वीज सांभाळलेला, छपरावरचं पावसाचं पाणी पिंपात धरून त्यात ओकची सुकी पानं भिजवणारा. दोघांच्याही हाती भोपळा.

आणि एवाल्ड हॉस्पिटलात, नंतर डोंगरातल्या आरोग्यकेंद्रात, नव्याने पाय टाकायला शिकत होता, तेव्हा मागे घरात एलिझाबेथीला पिल्लं झाली. तीही कोणाच्या हाताखाली, तर जिने 'तुझी ती एलिझाबेथ' यापलीकडे त्या माशांचं कधी नाव काढलं नाही तिच्या. ज्या दिवशी तो घरी आला, त्या दिवशी रोझवीटाने त्याची बॅग उचलता उचलता हे सांगितलं. त्याला आनंद झाला, नाही असं नाही. तो साधारण बाहेरच्या पायऱ्या चढून दारापर्यंत येईतो टिकला. मग कळलं की उडोला ही बातमी आठवडाभर आधीच ठाऊक होती.

दोघं वर आले. उडोच्या खांद्याला कोळिष्टक चिकटलं होतं. रोझवीटाने ते दोन बोटांनी झटकून टाकलं आणि कॉफीचं भांडं घ्यायला वळली.

"एवाल्ड, काय सांगू तुला," उडो बसत म्हणाला. "पन्नास तरी असतील. मादी पिवळीधमक, पिल्लांभोवती घारीसारखी फिरतेय. आणि रोझीने नर वेळेवर बाजूला काढलाय. आपल्या मंडळातल्या निम्म्या लोकांना हे सुचत नाही."

रोझी. एवाल्डच्या हातातला चमचा कपातच थांबला. एकोणीस वर्षं हा माणूस तिला 'श्टेपांस्कीबाई' आणि 'तुम्ही' म्हणत आला होता. नाताळच्या जेवणात दोन ग्लास जास्त झाले तरी त्याचं 'तुम्ही' कधी सुटलं नव्हतं.

"केक घे ना उडो," रोझवीटा म्हणाली. "आलुबुखाराचा आहे. वर साय देऊ तुला?"

"तुमचं हे अरे-तुरे कधीपासून?" एवाल्डने विचारलं. त्याला ते हसत हसत विचारायचं होतं. जमलं नाही.

"गेल्या रविवारी ठरवलं," उडो म्हणाला. "दोघांनी एका बाटलीवर वाकून पिल्लांना खायला बारीक किडे गाळायचे, एकमेकांच्या बाहीवर पाणी सांडायचं, आणि वर अहो-जाहो करायचं, बरं दिसतं का ते?"

"वाकून," एवाल्ड म्हणाला. त्याला स्वतःला वाकायलाही बंदी होती.

उडोने खिशातून निळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. उडो हा हेर्ने शहराच्या मत्स्यपालक मंडळाचा पैदास-प्रमुख. पिल्लं पोहायला लागल्यापासून दहाव्या दिवशी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून कार्डावर सही केली की ती पैदास मंडळाच्या दप्तरात लागायची, एरवी कोणी काही म्हणो. सही झालेली होती. तिच्या वर, 'पालक' या शब्दापुढे, औषधाच्या पुडीवर लिहावं तशा सुबक अक्षरात नाव होतं: रोझवीटा श्टेपांस्की.

"मासे माझे आहेत," एवाल्ड म्हणाला.

"मासे कोणाचे, हे कार्डावर नसतंच. अंडी घातल्यापासून सांभाळलं कोणी, ते असतं. नियम तूच लिहिलायस बाबा, एक्याऐंशी साली. कोणी आयती पिल्लं आणून मिरवू नये म्हणून."

"माझं नाव कशाला हवंय," रोझवीटा म्हणाली. "एवाल्डचं लिही आणि संपव."

"नाही," एवाल्ड म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

म्हणायला गेलं तर ते थोर मनाचं वाक्य होतं. पण ते तोंडातून निघताना त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि समोरचे दोघेही एवढे आंधळे नव्हते. उडोने केकचा मोठा घास घेतला.

"हा एक रकाना मात्र राहिलाय," तो बोटाने दाखवत म्हणाला. "'पूर्वीपेक्षा वेगळं काय केलं.' रोझी सांगतच नाही."

"काही केलंच नाही तर सांगू काय?"

"हे असं. पाककृती सगळी सांगायची आणि एक जिन्नस गाळायचा. माझी आईही तेच करायची." तो एवाल्डकडे वळला. "तू काढून घे तिच्याकडून. सकाळी कार्ड न्यायला येतो. शनिवारच्या सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवायचंय. माझी जोडी बघ, पेन्शनीत निघालेल्या नवरा-बायकोसारखी एकमेकांकडे पाठ करून बसते."

यावर कोणीच हसलं नाही, तेव्हा तो कॉफी संपवून उठला.

दार लागल्यावर एवाल्डने ताटलीतला केक पुढे सारला. त्याने तो खाल्ला नव्हता, नुसता चमच्याने चिवडला होता.

"फोन त्याला केलास. मला नाही."

"तुझ्याच कागदावर त्याचा नंबर होता," रोझवीटा म्हणाली. "'अडचण आल्यास.' पिल्लांना काय खायला घालायचं ते दोन पानांत कुठे नव्हतं."

नव्हतंच. करवंटीच्या गुहेत रोज सकाळ-संध्याकाळ टॉर्च मारून अंडी आहेत का पाहणे, एक दिवसाआड पाणी तपासणे, तापमान लिहून ठेवणे, एवढं सगळं त्याने बजावून लिहिलं होतं. पिल्लांचा विषय नव्हता. आपल्यामागे ती होतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आरोग्यकेंद्रात फोन होता," तो म्हणाला.

"तू दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन स्टेशनवर उभा राहिला असतास."

हे खरं होतं, म्हणून आणखीच झोंबलं. रोझवीटाने कोट अंगात घातला.

"आता कुठे?"

"केस सेट करायला. सभेत पुढे बसायचं, म्हणाला उडो."

तिची पावलं फाटकापर्यंत गेलेली त्याने ऐकली. मग तो उठला. संशय खोटा आहे हे माणसाला ठाऊक असलं म्हणून तो जात नाही. उलट तो अधिक बारकाईने पुरावे मागतो. चाळीस मिनिटं तिथे काय चालतं, हे एवाल्डला बघायचं होतं. आणि पिल्लंही बघायची होती. यातलं आधी कोणतं, हे त्याला विचारलं असतं तर त्याने खोटं सांगितलं असतं.

त्याने एक कुबडी वर ठेवली, एक घेतली, आणि कठडा धरून पाठमोरा उतरू लागला. उतरताना वाईट पाय आधी, चढताना चांगला, हे आरोग्यकेंद्रातल्या पोरीने त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. तिथे सहा पायऱ्या होत्या, रुंद, रबर लावलेल्या. इथे चौदा होत्या. नवव्या पायरीवर तो थांबला आणि भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. मग बाकीच्या पाच उतरला.

धुण्याच्या खोलीतून तो मागच्या खोलीत आला. पानांच्या पाण्याचा ओळखीचा वास आला. त्याने दिवा लावला आणि पहिल्यांदा त्याला दिसल्या त्या खुर्च्या.

दोन खुर्च्या. एक त्याची, जुन्या सोफ्यातली, बसून बसून खड्डा पडलेली. तिच्याशेजारी, हाताला हात लागेल एवढ्या अंतरावर, बागेतली पांढरी खुर्ची, तिच्यावर रोझवीटाची निळी उशी. जमिनीवर एक रिकामा कप. आणि समोर एलिझाबेथीच्या टाकीवर, वरपासून खालपर्यंत, चेरीच्या नक्षीचा जुना टेबलक्लॉथ सोडलेला.

पडदा लावून बसतात. एवाल्डला घाम फुटला. जिना उतरताना नव्हता आला एवढा. या खोलीत त्याने सगळी हयात घालवली. इथे तो एकटा बसायचा, ते त्याचं राज्य. आणि चार आठवडे पाठ फिरली तर इथे जोडीने खुर्च्या मांडल्या गेल्या. त्याने टेबलक्लॉथ धरून ओढला. तो खाली पडला. टॉर्च त्याच्या नेहमीच्या खिळ्यालाच होता.

प्रकाशात मादी दिसली आणि तो सगळं विसरला. लिंबासारखी पिवळी, त्यावर काळे पट्टे, कोऱ्या चहाच्या रंगाच्या पाण्यात. तिच्याभोवती पिल्लं होती. तिने अंग झटकलं तशी ती एकदम खाली बसली, पानांवर, इतकी की नुसती पानंच दिसत राहिली. दोन वर्षं तो याच दृश्यासाठी जगला होता म्हटलं तरी चालेल. उडोने हे पाहिलं, रोझीने पाहिलं, आता तो पाहत होता, तिसरा. तरीही त्याचे डोळे भरून आले.

मादीने एक पिल्लू तोंडात उचललं आणि करवंटीत नेऊन टाकलं. मग दुसरं. एवाल्डने मोजायला टॉर्च काचेला भिडवला. मादी गर्रकन त्याच्याकडे वळली. तिच्या तोंडात तिसरं पिल्लू होतं. ती गुहेकडे गेली नाही. तिचा गळा हलला. तिने आणखी एक उचललं, आणि तेही परत बाहेर आलं नाही.

त्याने टॉर्च विझवला. मग खोलीतला दिवाही विझवला. अंधारात चाचपडत, कुबडीवर जोर देऊन, ज्या पायावर वाकायचं नाही त्याच पायावर वाकून त्याने टेबलक्लॉथ उचलला आणि टाकीवर जसा होता तसा लावला. मग तो स्वतःच्या खुर्चीत बसला.

दोन वर्षांत तीनदा अंडी नाहीशी झाली होती. त्याने पाण्याला दोष दिला होता, पानांना दिला होता, एकदा तर त्या मुक्या नराला दिला होता. वहीत तीनही वेळा एकसारखी नोंद होती. संध्याकाळी टॉर्चने पाहिलं, अंडी उत्तम. सकाळी टॉर्चने पाहिलं, अंडी नाहीत. ही वही त्याने शंभरदा वाचली असेल. पाण्याचे आकडे तेवढे त्याने पुनःपुन्हा तपासले होते.

थोड्या वेळाने त्याने उठायचा प्रयत्न केला. खुर्ची फार खोल होती. दुसऱ्यांदा प्रयत्न केल्यावर त्याच्या ध्यानात आलं की रोझवीटा येईपर्यंत आपण इथेच आहोत.

तास-दीड तासाने ती आली. आधी वरच्या खोल्यांतून फिरणारी तिची पावलं, मग त्याची हाक, मग धुण्याच्या खोलीतला दिवा. ती दारात उभी राहिली. केसांना नवा फुगारा होता, आणि फवाऱ्याचा वास.

"उतरलास कसा?"

"वाईट पाय आधी."

"आणि चढणार कसा होतास?"

"तो विचार खाली आल्यावर आला."

ती ओरडली नाही. कोटासकट पांढऱ्या खुर्चीवर येऊन बसली. दोघांच्याही समोर चेरीचा टेबलक्लॉथ.

"खुर्ची छान आणलीस त्याच्यासाठी," एवाल्ड म्हणाला.

"कोणासाठी?"

"उडोसाठी."

"उडो बसतो कुठे इथे? आज त्या पाइपवर डोकं आपटलं त्याचं. धुण्याच्या खोलीत अर्धा तास ओला टॉवेल धरून बसला होता. तू फिदीफिदी हसशील म्हणून सांगू नकोस म्हणाला." तिने उशी पाठीमागे नीट केली. "ही खुर्ची माझी आहे."

"माझी होती की इथे."

"तुझ्या खुर्चीवर मी कशी बसणार? तू कधी बस म्हणाला नाहीस."

हे तिने बटाट्याचा भाव सांगावा तसं सांगितलं. एवाल्डने खुर्चीच्या हातावरचं निघालेलं कापड बोटाने दाबलं. ते पुन्हा वर आलं.

"आणि पडदा?"

"संध्याकाळी वर करमायचं नाही. इथे येऊन शब्दकोडी सोडवायचे. तर ही तुझी एलिझाबेथ सारखी माझ्याकडे बघत राहायची. मला कोणी टक लावून बघितलेलं खपत नाही. म्हटलं, तिलाही नसेल खपत."

"कागदात टॉर्च मारायला लिहिलं होतं."

"लिहिलं होतंस. दोन दिवस मारला. ती बिचारी अशी दचकायची की मीच दचकायचे. मग ठेवून दिला."

पंप गुरगुरत होता.

"आज मी मारला," तो शेवटी म्हणाला. "दोन गेली माझ्यादेखत. आणखीही गेली असतील."

रोझवीटाने टाकीकडे पाहिलं, पण पडदा उचलला नाही.

"उरलेली राहू देत मग," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं. मग उडोला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? सगळ्या मंडळासमोर वाचणार होता तो."

तिने त्याच्या दोन्ही काखांत हात घालून त्याला उठवलं. चौदा पायऱ्या चढायला त्यांना पाऊण तास लागला असेल, खोटं नाही. प्रत्येक पायरीला ती मागून 'चांगला आधी' म्हणत होती आणि तिचा तळवा त्याच्या पाठीवर होता. वर आल्यावर त्याला उशांच्या खुर्चीवर बसवून ती चुलीकडे वळली आणि सुपाचं पातेलं चढवलं.

निळं कार्ड टेबलावर होतं तिथेच होतं. एवाल्डने ते ओढून घेतलं. रिकाम्या रकान्यात काय लिहिता येईल, हे त्याला चांगलं माहीत होतं. ओकची पानं, पावसाचं पाणी, सव्वीस अंश. तिन्ही गोष्टी त्याच्या, आणि एकही खोटी नाही. कोणी बोट ठेवलं नसतं, आणि शनिवारी अर्धं श्रेय वाजतगाजत घरी आलं असतं. उडो तर ते वहीत उतरवून घेऊन गेला असता आणि रोज टॉर्च घेऊन बसला असता. हा विचार एवाल्डला क्षणभर फार आवडला.

"पेन दे," तो म्हणाला.

तिने ड्रॉवरमधून काढून दिलं. त्याने खाणीच्या नोंदवहीत लिहायचा तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं, आणि कार्ड तिच्याकडे सरकवलं. रोझवीटाने हात पुसून चष्मा लावला आणि वाचलं.

'टाकीवर पडदा लावला. टॉर्च मारला नाही. मालक महिनाभर घरी नव्हते.'

"उडो हे मोठ्याने वाचेल," ती म्हणाली.

"वाचू दे."

"हसतील सगळे."

"हसू देत. त्यांच्याही घरी टॉर्च आहेत."

तिने पुन्हा एकदा वाचलं. मग त्याच्या हातातून पेन घेतलं, 'महिनाभर' या शब्दावर सरळ रेघ मारली, आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: चौतीस दिवस.